बटणावरचं बोट

अमेरिकेतल्या कुठल्याही क्लासिक रॉक, म्हणजे जुनी रॉक गाणी लावणाऱ्या रेडिओ स्टेशनबद्दल तक्रार एकच असते: तीच ती गाणी. तक्रार खरी आहे. तीन-चारशे गाण्यांवर अशा स्टेशनचा वर्षानुवर्षांचा संसार चालतो. पण तक्रार करणारा ऐकत असतो, आणि स्टेशनला तेवढंच हवं असतं. आवडतं गाणं लागणार म्हणून कोणी मुद्दाम गाडी बाहेर काढत नाही. नावडतं लागलं की मात्र बोट डॅशबोर्डवरच्या पुढच्या बटणावर जातं. गाणी निवडायची ती या बोटाच्या धाकाने.

निवडणाऱ्याला म्युझिक डायरेक्टर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकला की पेटी पुढे घेऊन बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. रेडिओतला म्युझिक डायरेक्टर चाली लावत नाही, वर्णी लावतो. त्यासाठी तो श्रोत्यांना फोनवर गाण्याचा सात ते दहा सेकंदांचा सगळ्यात ओळखीचा तुकडा, म्हणजे हुक, ऐकवतो. नाहीतर शंभरेक माणसं सभागृहात बसवून एका बैठकीत पाच-सहाशे हुक वाजवले जातात. प्रश्न तीन: ओळखता का, आवडतं का, कंटाळा आलाय का. तिसऱ्याला धंद्यात ‘बर्न’ म्हणतात, म्हणजे गाणं करपलं. या परीक्षेत नवं गाणं हमखास नापास होतं, कारण अनोळखी तुकड्यावर कोणी मत देत नाही. आठ मिनिटांच्या गाण्यात पाचव्या मिनिटाला रंगात येणारी गिटार तर हुकमध्ये मावतच नाही. निम्मे ज्यावर जीव टाकतात आणि निम्मे वैतागतात ते गाणं बाद. ज्याला कोणीच नको म्हणत नाही ते आत. लग्नाच्या पंगतीत कारल्याची भाजी नसते, बटाट्याची असते, तसंच.

मग येतं रोटेशन, म्हणजे कुठलं गाणं किती वेळाने परत लावायचं ते. जोरात चालणारी नवी गाणी पाच असतील आणि तासाला दोन लावायची असतील, तर प्रत्येक गाणं अडीच तासांनी परत येतं. जुन्या गाण्यांचा हिशेब जास्त मजेदार आहे. एका गटातलं गाणं तासाला एक लावायचं आणि गटात बरोबर चोवीस गाणी ठेवली, तर रोज सकाळी आठला ऑफिसला निघणाऱ्याला आठच्या तासात जन्मभर तेच गाणं ऐकू येईल. गाणी पंचवीस केली की सोमवारी आठला वाजलेलं मंगळवारी नऊला सरकतं आणि आठच्या तासात परत यायला पंचवीस दिवस घेतं. एका जादा गाण्याने माणूस सुटतो. पूर्वी हे काम पेटीतल्या कार्डांवर चालायचं: पुढचं कार्ड काढा, वाजवा, मागे ठेवा. डीजे नावडतं कार्ड न वाजवताच मागे सरकवत. 1979 पासून ‘सिलेक्टर’सारखी सॉफ्टवेअर आली आणि ती पळवाट बुजली. एकाच बँडची दोन गाणी जवळ नकोत, सलग तीन संथ नकोत, कर्कश असेल ते रात्री, असे नियम यंत्र पाळतं. नियम फार कडक घातले तर ऐन तासाला एकही गाणं बसत नाही, जागा रिकामी राहते आणि ती माणसालाच हाताने भरावी लागते.

जाहिराती कुठे घालायच्या हे रेटिंग ठरवतं. तास पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार खणांत मोजला जातो. एका खणात पाच मिनिटं ऐकलं की अख्खा खण स्टेशनच्या नावावर, असा जुना नियम. बारा वाजून दहा मिनिटांनी आलेला श्रोता वीसपर्यंत थांबला, तर दोन्ही खणांत पाच-पाच मिनिटं पडतात. दहा मिनिटं ऐकलं, हिशेबात अर्धा तास. म्हणून पंधराच्या ठोक्यावर हुकमी गाणं आणि जाहिराती वीसच्या नि पन्नासच्या आसपास. (ज्या शहरांत श्रोता काय ऐकतो ते त्याच्याजवळचा मीटर टिपतो, तिथे 2025 पासून पाचाचे तीन झाले, त्यामुळे ही गणितं पुन्हा मांडावी लागली.) मीटर 2007 च्या सुमारास ह्यूस्टन-फिलाडेल्फियापासून रुजले. त्याआधी कुठलं स्टेशन ऐकलं ते लोक डायरीत आठवून लिहीत, म्हणून स्टेशन स्वतःचं नाव सतत ओरडायचं. मीटरने दाखवलं की डीजे लांबण लावतो तेव्हा बोट हलतं. डीजेंची बडबड तेव्हापासून आटली. ती बरीचशी गोड होती, हे सांगायला मीटरमध्ये रकाना नाही.

एवढं करूनही स्टेशनं बदलतात, कारण श्रोते म्हातारे होतात. जाहिरातदाराला 25 ते 54 वयाची माणसं हवी असतात. पंचावन्नावा वाढदिवस झाला की निष्ठावंत श्रोताही हिशेबातून उतरतो. फॉरमॅट, म्हणजे स्टेशनवरच्या संगीताचा प्रकार, बदलायचा तर आधी गुपचूप नव्या नावाची वेबसाइट नोंदवतात, आणि चोरी बहुतेकदा तिथेच पकडली जाते. मग एक दिवस डीजेंना घरी पाठवायचं, तासन्‌तास एकच गाणं किंवा अवेळी नाताळगीतं लावून गावात चर्चा घडवायची, आणि नवा अवतार सुरू करताना ‘सलग दहा हजार गाणी, जाहिरात नाही’ अशी घोषणा द्यायची. हे औदार्य नव्हे. जुन्या श्रोत्यांसाठी आलेले जाहिरातदार गेलेले असतात आणि नवे अजून यायचे असतात.

शिकागोत 1978 च्या नाताळात डब्ल्यूडीएआय हे रॉक स्टेशन डिस्कोवर गेलं आणि सकाळचा डीजे स्टीव्ह डाल याची नोकरी गेली. तो 97.9 फ्रिक्वेन्सीवरच्या डब्ल्यूएलयूपी, म्हणजे ‘द लूप’ या रॉक स्टेशनमध्ये गेला आणि 12 जुलै 1979 ला त्याने कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवला. डिस्कोची एक रेकॉर्ड आणणाऱ्याला तिकीट 98 सेंट, स्टेशनच्या आकड्याशी जुळणारं. गर्दी मैदानात घुसली, हिरवळीची वाट लागली आणि यजमान संघ व्हाइट सॉक्सला दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला.

त्या ‘लूप’ची पाळी 2018 मध्ये आली. घेणारे होते ‘के-लव्ह’ हे ख्रिस्ती भक्तिसंगीताचं जाळं. ते देणग्यांवर चालतं, त्यामुळे तिथे विकायला जाहिरातच नाही. मार्चमधल्या एका रात्री ‘लूप’ने शेवटचं गाणं लावलं ते एसी/डीसीचं ‘हायवे टू हेल’, आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर पाठोपाठ सुरू झालं येशूचं गुणगान.