पोपला पाहिलंत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाताळात घरी येणारे शेजारी, माझे जुने विद्यार्थी, सुनेच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांचा प्रश्न एकच: "तुम्ही शाळेत असताना पोप मुंबईत आले होते ना? पाहिलंत का त्यांना? काय वाटलं?" २०२५च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस वारले, तेव्हा तर आठवडाभर फोन येत होते. फ्रान्सिस श्रीलंकेला आले, म्यानमार आणि बांगलादेशला आले, पण भारतात त्यांचं येणं झालं नाही. आताच्या पोरांनी पोप पाहिले ते मोबाइलवरच. म्हणून ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडे ही पोरं कुतूहलानं बघतात.

पाहिलं, पण काय पाहिलं? दूरवर एक पांढरा झगा आणि उचललेला एक हात. एवढं सांगून थांबले की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. म्हणून आज सगळं सांगते.

साल १९६४. मी दहावीत होते. तेव्हा एसएससी अकरावीला असायची, त्यामुळे आम्हाला तसा धाक नव्हता. आम्ही वसईचे कुपारी, म्हणजे तिथल्या एका ख्रिस्ती समाजातले. घरात कादोडी ही आमची बोली बोलायचो, शाळेत मराठी, आणि देवळात लॅटिन. मिस्सा, म्हणजे देवळातली आमची उपासना, लॅटिनमध्ये असे. आम्ही मुली ती लांबलचक गीतं तोंडपाठ म्हणायचो, पण त्यातल्या एका ओळीचाही अर्थ कुणी विचारला असता तर सांगता आला नसता. त्या वर्षी मुंबईत ओव्हल मैदानावर अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मोठा धार्मिक मेळावा, भरणार होती, आणि तिला खुद्द परमगुरू, म्हणजे पोप, येणार होते, सहावे पॉल. त्याआधी कुठलेच पोप भारतात आले नव्हते. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस तेव्हा मुंबईचे महागुरू, म्हणजे आर्चबिशप होते, भारताचे पहिले कार्डिनल. वसई त्यांच्याच धर्मप्रांतात येत होती. आमचा वेगळा धर्मप्रांत व्हायला १९९८ उजाडलं.

घरात आनंद होता आणि धाकधूकही होती. काही हिंदू संघटनांनी या भेटीला उघड विरोध केला होता. परदेशी धर्मगुरू येणार, धर्मांतरं होणार, असं बोललं जात होतं. वडील रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचे आणि मध्येच गप्प व्हायचे. जाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी मला बजावलं, "घोषणा द्यायच्या नाहीत. कुणी काही बोललं तर खाली मान घालून पुढं चालायचं."

ही खाली मान मला नवी नव्हती. वसईत वाढलेल्या ख्रिस्ती मुलाला इतिहासाच्या तासाला ती घालावीच लागे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला, हा धडा आला की माझ्या पोटात गोळा यायचा. बाई म्हणायच्या, "आपण वसई जिंकली." मग वर्गातली दोन-चार डोकी वळून आमच्याकडे बघायची. त्या "आपण"मध्ये मी आहे की नाही? माझे पूर्वज त्याच मातीत केळी लावणारे, त्यांना पोर्तुगीज येत नव्हतं, पण प्रार्थना तर पोर्तुगीज पाद्र्यांनी शिकवलेली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला हा गुंता कोण सोडवून देणार? कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

३ डिसेंबर, गुरुवार. सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण. शाळेला सुट्टी होती. पहाटे टांग्यानं वसई रोड स्टेशन, तिथून लोकलनं चर्चगेट. शाळेच्या मुली, धर्मग्रामातल्या बायका, फादर, सिस्टर, सगळे एकाच डब्यात दाटीवाटीनं. माझी आजी लाल लुगडं नेसून खिडकीशी बसली होती. तिनं आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. दोनच आठवड्यांपूर्वी पोपनी ख्रिस्तप्रसादापूर्वीचा, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर घेण्याआधीचा, उपास एका तासावर आणला होता. फादरनी तिला हे गाडीत दोनदा समजावलं, "आजी, परमगुरूंनीच सांगितलंय, आता एकच तास." आजी म्हणाली, "त्यांनी त्यांचं सांगितलं. मी माझ्या आईला शब्द दिलाय." आमच्या डब्यात सुकेळी होती, भाकरी होती, बोंबलाची चटणी होती. तिच्यासमोर खायला आमचा हात उचलत नव्हता. शेवटी तीच ओरडली, "खा गं पोरींनो, उन्हात पडाल."

ओव्हलवर पोचलो तर माणसांचा समुद्र. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, आणि त्यांच्या पायथ्याशी नजर पोचेल तिथवर डोकी. मी त्याआधी मुंबई फक्त दोनदा पाहिली होती. आम्हाला बांबूच्या कठड्याआड जागा मिळाली आणि तिथं आम्ही तासन्‌तास बसून राहिलो. त्या बसण्यातलं मला जितकं आठवतं तितकं समारंभातलं आठवत नाही. पुढं बसलेल्या बायका कोकणीत जपमाळ म्हणत होत्या, मागं कुणी तमिळमध्ये गात होतं. एका गोऱ्या सिस्टरनं माझ्या आजीच्या लुगड्याला हात लावून खुणेनं विचारलं, हे कसं नेसता? आजीनं तिला उभं केलं आणि हवेत हात फिरवून काष्टा कसा घालायचा ते दाखवलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी दोघी हसत होत्या.

कठड्यापलीकडच्या रस्त्यावर जी गर्दी होती, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती आमची माणसं नव्हती. कुंकू लावलेल्या बायका, टोपीवाले म्हातारे, ऑफिसातून सुटलेले कारकून. एका बाईनं आपलं पोर खांद्यावर उचललं होतं आणि त्याचे दोन्ही हात धरून ती त्याला नमस्कार करायला शिकवत होती. मी वडिलांचं ऐकून खाली मान घालायच्या तयारीनं आले होते. पण दिवसभरात मान खाली घालायची वेळ आलीच नाही.

मग एकदम गलका झाला आणि सगळे उभे राहिले. उघड्या मोटारीतून पांढरा झगा पुढं सरकला, एक हात वर गेला, आणि संपलं. माझ्या पुढं एक उंच माणूस होता. आजीनं तर तेवढंही पाहिलं नाही. ती गुडघ्यांवर बसली होती आणि डोळे मिटून होती. पुढं व्यासपीठावर सहा बिशपांना दीक्षा देण्यात आली. लाउडस्पीकरवरून लॅटिन ऐकू येत होतं आणि आम्ही आमची पाठ केलेली उत्तरं देत होतो. आजीनं भाकरी खाल्ली ती रात्री घरी पोचल्यावर. पुढं गावात सगळे सांगायचे, "आम्ही पोप पाहिला." आजी कधीच तसं म्हणाली नाही. ती म्हणायची, "मी होते तिथं."

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. ते मैदानावर मिळालं नाही, दुसऱ्या दिवशी वर्गात मिळालं.

शुक्रवारी आम्ही मुली पेंगत शाळेत गेलो. तिसरा तास संस्कृतचा. सर वसई गावातले, भिक्षुकी घराण्यातले, पांढरं धोतर, काळी टोपी. ते मुंबईला गेले नव्हते. वर्गात आले ते पेपरची घडी हातात घेऊन. एक शब्द न बोलता त्यांनी फळ्यावर लिहिलं:

असतो मा सद्गमय। तमसो मा ज्योतिर्गमय। मृत्योर्मा अमृतं गमय॥

मग आमच्याकडे वळून म्हणाले, "काल मुंबईत पोपनी आपली ही प्रार्थना म्हटली. बृहदारण्यक उपनिषदातली."

त्याच गुरुवारी वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींना भेटताना पोपनी या तीन ओळी इंग्रजीतून म्हटल्या होत्या, आणि ही प्रार्थना आजच्या काळाचीही आहे, ती प्रत्येक माणसाच्या हृदयातून उठायला हवी, असं ते बोलले होते. हे सगळं सरांनी वाचून दाखवलं. मग असत् म्हणजे काय, सत् म्हणजे काय, 'मा' ही इथं 'नको' नव्हे, 'मला' या अर्थी आहे, असं फोड करून शिकवलं.

पण मी एका शब्दावर अडकले होते. सर "आपली" म्हणाले. "आमची" म्हणाले असते तरी व्याकरणात काही चुकलं नसतं. "आमची प्रार्थना पोपनी म्हटली" असं अभिमानानं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि मीही मान डोलावली असती. मराठीत "आम्ही" म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की तो आत येतो. हा भेद आपल्याला कुणी शिकवत नाही, तो पाळण्यातच कळतो. सरांच्या तोंडून तो शब्द विचार करून आला होता की सहज, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. सहज आला असेल तर त्याची किंमत माझ्या लेखी अधिक आहे.

त्या दिवशी ती प्रार्थना मी वहीत उतरवून घेतली. देवळात वर्षानुवर्षं जे म्हणत आले होते त्यातल्या कशाचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि ज्या प्रार्थनेचा शब्दन्‌शब्द कळला ती आमच्या परमगुरूंमुळे सरांच्या फळ्यावर आली. म्हणून लोक मला "पोपला पाहिलंत का" विचारतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं फळा येतो.

वडिलांचं मात्र वेगळंच काही घर करून राहिलं. ४ डिसेंबरला पोपनी मुंबईतून सगळ्या देशांना आवाहन केलं की शस्त्रांवरचा खर्च कमी करा, त्यातला काही भाग गरीब देशांच्या विकासाला द्या. चीनशी युद्ध होऊन दोनच वर्षं झाली होती, ऑक्टोबरात चीननं अणुबॉम्बची चाचणी केली होती, आणि आमच्याकडे रेशनची रांग रोजची होती. वडिलांनी ते कात्रण कापून जपमाळेच्या डबीत ठेवलं. पुढं १९६७च्या आपल्या परिपत्रकात पोपनी मुंबईतल्या त्या आवाहनाची आठवण पुन्हा करून दिली. आपली पांढरी लिंकन मोटारही ते इथंच मदर तेरेसांना देऊन गेले, आणि मदरनी तिची सोडत काढून पैसा कुष्ठरोग्यांच्या कामी लावला. ही गोष्ट वडील दर नाताळात सांगायचे.

दुसरी भेट थोडक्यात सांगते. ९ फेब्रुवारी १९८६, रविवार. पोप दुसरे जॉन पॉल वसईलाच आले. आदल्या दिवशी ते केरळमध्ये होते, दुसऱ्या दिवशी पुण्याला जायचे होते. आता मी शाळेत मराठी शिकवत होते. मिस्सा केव्हाच मराठीत आली होती. आजी नव्हती. यावेळी मी पोपचा चेहरा नीट पाहिला, पण तुम्हाला त्याबद्दल सांगावं असं माझ्यापाशी काही नाही.

आदल्या आठवड्यात मात्र एक झालं. वर्गात मी सूचना देत होते, किती वाजता जमायचं, गणवेश कुठला. मागच्या बाकावरची तीन-चार मुलं हळूच उभी राहिली. आगरी, वाडवळ, एक ब्राह्मण. त्यातला एक म्हणाला, "बाई, आम्ही आलो तर चालेल का?"

मी क्षणभर खडू हातात धरून उभी राहिले. मग म्हटलं, "आपण सगळे जाणार आहोत. पाणी बरोबर आणा, ऊन आहे."

ती मुलं रांगेत पहिली उभी होती. मराठी गीतं त्यांना शाळेच्या प्रार्थनेमुळे पाठ होती, आणि ती आमच्या मुलांपेक्षा वरच्या पट्टीत गायली. मी त्रेचाळीस मुलं घेऊन गेले होते. मैदानात तीनदा मोजली, परत येताना फाटकाशी चौथ्यांदा. त्रेचाळीस भरली.