कोकणपट्टीची मेश-नोंदवही: टप्पा तिसरा

मेश्टॅस्टिक म्हणजे एकमेकांचे संदेश पुढे ढकलणाऱ्या छोट्या रेडिओंचे जाळे; त्यातला प्रत्येक रेडिओ म्हणजे एक नोड. कोकणपट्टीतल्या अशा नोडची ही नोंदवही. या टप्प्यात एसक्यूलाइट या डेटाबेसमधला एकच लांबलचक तक्ता मोडून तीन केले: यंत्र, ठिकाण आणि नोंद. मेश्टॅस्टिकच्या नोडचा क्रमांक, म्हणजे ते ८ हेक्स (सोळाच्या पद्धतीतले) अंक, बोर्डाच्या मॅक पत्त्यातल्या (त्याच्या हार्डवेअर-ओळखीतल्या) शेवटच्या ४ बाइटांवरून ठरतो. खाऱ्या हवेने बोर्ड गेला आणि त्याच खांबावर दुसरा चढवला की क्रमांक बदलतो, खांब मात्र तिथेच असतो. जुन्या रचनेत अशा वेळी एकाच सड्यावर दोन नोड दिसायचे, त्यातला एक कायमचा मुका. आता ठिकाण कायम राहते, यंत्रे येतात-जातात.

नोंदीच्या तक्त्यात अक्षांश-रेखांशाबरोबर अचूकतेचे बिट (ठिकाणाच्या आकड्यातले किती बिट राखले) आणि उगम हे रकाने सक्तीचे केले आहेत. उगम तीनच: नोडचा जीपीएस, मालकाने हाताने भरलेले, किंवा जागेवर जाऊन मोजलेले. हे रकाने रिकामे असतील तर ओळ घ्यायचीच नाही.

एवढा कडकपणा का, ते सार्वजनिक चॅनलवरच्या नोंदी पाहिल्या की कळते. तिथे ठिकाण मुद्दाम धूसर करून पाठवले जाते. अक्षांश १ कोटीने गुणून ३२ बिटांच्या पूर्णांकात येतो. अचूकता १३ बिट ठेवली असेल तर खालचे १९ बिट पुसले जातात आणि त्या चौकटीचा मध्यबिंदू पुढे जातो. चौकट ०.०५२४२८८ अंशांची, म्हणजे दक्षिणोत्तर सुमारे ५.८ किलोमीटर. एकाच बिंदूवर चार नोड दिसले म्हणून ते शेजारी ठरत नाहीत. एका चौकटीत आहेत, इतकेच. हे ओळखायचे तर आकडे पूर्णांकातच साठवावेत. भागाकार नकाशा काढताना करावा, नाहीतर दशांशांच्या काटछाटीत पुसलेल्या बिटांची खूण हरवते.

किनाऱ्यावर याचा वेगळाच ताप. गाव काठावर असले की चौकटीचा मध्य सहज पाण्यात पडतो. म्हणून ‘समुद्रातली नोंद बाद’ हा पहिल्या टप्प्यातला नियम काढून टाकला. आता चौकटीचा कोणताही भाग जमिनीला लागतो का, ते तपासतो.

हाताने भरलेल्या आकड्यांत नेहमीची चूक अंश-मिनिटांची. रत्नागिरीजवळचे १६ अंश ५९ मिनिटे कुणी १६.५९ असे भरतो, खरे १६.९८३ हवे. फरक जवळजवळ ४४ किलोमीटर. रेखांशही तसाच, ७३ अंश १८ मिनिटांचा ७३.१८ केला, तर रत्नागिरीचा नोड विजयदुर्गासमोर भर समुद्रात तरंगतो. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल मात्र लगेच सापडते: आपल्या पट्टीत अक्षांश १५ ते २१ आणि रेखांश ७२ ते ७५ या बाहेर काही नाहीच.

उंचीबाबत एक सूचना. पुळणीवरचा नोड उणे साठ-पासष्ट मीटर दाखवत असेल तर तो बिघडलेला नाही. ती उंची लंबवर्तुळापासूनची, म्हणजे जीपीएस पृथ्वीचा जो गुळगुळीत काल्पनिक आकार धरते त्यापासूनची आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर सरासरी समुद्रपातळी त्या लंबवर्तुळाच्या तितकीच खाली आहे. कोणती उंची ते रकान्यात लिहा.

सिग्नलचे आकडे फक्त शून्य उड्यांच्या, म्हणजे मूळ नोडकडून थेट आलेल्या पॅकेटचे घेतो. मधल्या नोडने पुढे ढकललेल्या पॅकेटचा आरएसएसआय (मिळालेल्या सिग्नलची ताकद) त्या मधल्याचाच असतो; तो मूळ नोडच्या नावावर टाकला की खाडीपलीकडच्या वाडीतला नोड दारात असल्यासारखा वाटतो. एमक्यूटीटीवरून, म्हणजे इंटरनेटमार्गे आलेली पॅकेटे वेगळी, रेडिओच्या पल्ल्याशी त्यांचा संबंध नाही. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतो. भारतीय वेळेत पाहताना ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०’ दिसले तर त्या नोडला घड्याळच मिळालेले नाही.

नावांचे कोडे मजेशीर आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात ३ बाइट खाते. लघुनावाला ४ बाइट, म्हणजे एकच अक्षर, तेही बिनमात्रेचे. लांब नाव ३९ बाइटांचे, त्यात ‘गणपतीपुळे सडा’ ३७ बाइटांत बसते. काना-वेलांट्यांचे बाइट वेगळे मोजायला विसरू नका.

होड्यांवरचे नोड अजून सुटलेले नाहीत. ३० दिवस एकाच चौकटीत राहिला तर ‘स्थिर’, असा नियम होता. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. ट्रॉलर जेटीला लागतात आणि त्यांवरचे नोड झाडून सगळे ‘स्थिर’ होतात. नोड चालू राहिला तर पाऊस संपेपर्यंत तो जेटीचाच वाटतो. म्हणून बंदीच्या काळातल्या नोंदी या हिशेबात धरत नाही. बंदराच्या चौकटीतल्या नोडचा शेरा ऑगस्टपर्यंत ‘अनिश्चित’ ठेवतो.