पियानो असताना सिंथ कशाला?

प्रत्येक कार्यक्रमानंतर कोणीतरी विचारतंच, परवा पियानो शिकणाऱ्या एका मुलीने मेसेज करूनही तेच विचारलं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. टेनर सॅक्स, डबल बेस, ड्रम्स आणि पियानो असं छान जॅझ चाललेलं असताना मी मध्येच पियानोवरून वळून सिंथ, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारा सिंथेसायझर, का वाजवते, आणि त्यातलं किती आधीच भरून ठेवलेलं असतं?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. काहीही भरलेलं नसतं. सिक्वेन्सर, म्हणजे भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र, मी वर्षभर वापरून बघितला आणि सोडला, कारण स्विंग, म्हणजे जॅझमधली ती लांब-आखूड झुलती लय. मशीनमध्ये स्विंगचा आकडा टाकता येतो, ६६ टक्के टाकले की जोडीतली पहिली एट्थ नोट (अर्ध्या बीटचा सूर) दुसरीच्या साधारण दुप्पट लांब होते, पण खरा ड्रमर असा एका आकड्यावर बसून राहतच नाही, लय वाढली की तो त्या दोन नोट्स जवळजवळ सारख्या करत जातो आणि संथ लयीत पुन्हा पहिलीला ओढून धरतो. शिवाय मिनिटाला १२० बीट्सना सुरू केलेली चीज सॅक्सचा सोलो रंगला की १२६ वर जाते, आणि जायलाच पाहिजे! क्लिक, म्हणजे कानात वाजणारा यंत्राचा ठोका, लावला की ड्रमरचा कान सॅक्सकडे न राहता क्लिककडे जातो, मग वाजवायचं कशाला. फक्त डिले, म्हणजे सुराचे पडसाद उमटवणारा इफेक्ट, ठेवलाय, तोही पायाने पेडलवर लय टॅप करून. १२० ला एका बीटचा डिले ५०० मिलिसेकंद, १२६ ला ४७६. फरक २४ चा, पण चौथा पडसाद येईपर्यंत तो शंभरच्या घरात जातो आणि ड्रमरच्या पायात येतो, त्यामुळे सोलो चढला की माझा पाय पेडलवर.

आता पहिला प्रश्न. पियानोचा सूर दाबला त्या क्षणापासून विरायला लागतो, तुम्ही काहीही करा. सॅक्सवाला मात्र सूर हळू धरून फुगवत नेतो आणि मध्येच जरा वाकवतो. मी लहानपणी पेटी शिकले, आजोबा भजनात साथ करायचे. पेटीला भाता असल्यामुळे सूर धरता येतो, पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, नाही, आणि याची खंत आजोबांना कायम असायची. सिंथच्या पिच व्हीलवर, म्हणजे सूर वरखाली सरकवणाऱ्या चाकावर, पहिल्यांदा कोमल गंधारावरून थोडंसं वर सरकले तेव्हा शुद्ध गंधाराच्या अलीकडे एक सूर सापडला, ब्लूजमधला तोच तो सूर जो पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये राहून जातो. त्या दिवशी आजोबा हवे होते असं फार वाटलं. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये यान हॅमरने १९७३ च्या सुमाराला मिनीमूग या सिंथवर हेच केलं, इतकं की कुठे गिटार संपली आणि कुठे सिंथ सुरू झाला ते कळायला कान द्यावा लागतो. माझा सिंथही त्याच जातीचा, एका वेळी एकच सूर. लोकांना ही उणीव वाटते. मला तेच हवंय, कारण त्यामुळे तो गळ्यासारखा वागतो.

अरेंजिंगमध्ये खरी मेहनत आहे ती कोणी कुठून बाजूला व्हायचं याची. हर्बी हॅनकॉकचं 'कमिलियन' ऐका, १९७३ चंच. सुरुवातीची ती प्रसिद्ध बेसलाइन स्वतः हॅनकॉकने आर्प ओडिसी सिंथवर वाजवली आहे, आणि बँडमधला बेसवाला पॉल जॅक्सन तिथे खाली गर्दी न करता वर, गिटारच्या जागेत वाजवतो. मी हे उलट्या बाजूने शिकले. डबल बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला असते, तिथेच माझा डावा हात सिंथवर गेला की नुसता चिखल व्हायचा, एकही सूर कळायचा नाही. आता सिंथचं १५० च्या खालचं सगळं कापते.

सॅक्सबरोबर एकच धून वाजवायची तर अजून नाजूक काम. सुरुवातीला मी सॉ-टूथचा, म्हणजे सिंथचा करकरीत, धारदार आवाज घेऊन सॅक्सच्याच सप्तकात अख्खी धून लिहिली, आणि सॅक्स नाहीसाच झाला, कारण त्याचा सूर श्वासाबरोबर हलतो आणि माझा सरळ रेषेत, त्यात माझा जास्त झगझगीत. मग एक सप्तक वर गेले, आवाजातली चमक कापणारा फिल्टर जवळजवळ बंद केला, आणि धून पूर्ण न वाजवता ओळीचे शेवटचे दोन-तीन सूर तेवढे धरले, सॅक्सचा श्वास संपतो तिथे फिल्टर उघडणारं कट-ऑफचं बटण हळूच फिरवायचं. अचानक सॅक्स मोठा वाटायला लागला. आजोबा सांगायचे की गायक जागा घेत असताना पेटीने जागा सोडायची. सोलोच्या मागे स्वरमेळ वाजवण्याला जॅझवाले कॉम्पिंग म्हणतात, ते माझ्या कानाला साथच वाटतं.

एका डिसेंबरमध्ये उघड्यावर कार्यक्रम होता. साउंडचेक उन्हात झाला आणि वाजवायला बसलो रात्री नऊला. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा, म्हणजे सिंथमधल्या सूर निर्माण करणाऱ्या भागाचा, सूर तापमानाबरोबर सरकतो हे मला माहीत होतं, तरी पुन्हा ट्यून करायचं राहिलं, चूक पूर्ण माझी. संथ चीज, मी एकच लांब सूर धरला आणि तो वीसेक सेंट तरी उतरलेला (शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये शंभर सेंटचं अंतर असतं). पोटात गोळा आला. सोडावा तर मधोमध भोक पडणार. तेवढ्यात सॅक्सवाला ओठ जरा सैल करून खाली माझ्या सुरावर आला, बेसवाल्याने माझ्याकडे न बघताच बोट किंचित मागे घेतलं, आणि तिघंही त्या उतरलेल्या सुरात एक झालो. पियानो माझ्या उजव्या हाताला होता, त्याला ते करता येत नाही. ती चीज संपेपर्यंत मी त्याला हात लावला नाही.