खांडसहून भीमाशंकर: नकाशावर दोन्ही वाटा सारख्याच दिसतात

पावसात शिडी घाटाने जाऊ नका. पोटऱ्या अजून ठणकतायत, तोवरच हे लिहून टाकतोय.

फोनमधल्या ऑफलाइन नकाशावर पायथ्याच्या खांडस गावापुढे ठिपक्यांच्या दोन रेघा दिसतात. एक गणेश घाटाची, लांब वळशाची. दुसरी शिडी घाटाची, जवळपास सरळ वर. रंग तोच, जाडी तीच. अ‍ॅपने शिडी घाटाला तासभर कमी सांगितला आणि आम्ही भुललो.

पहिली शिडी निभावली. खरी फाटली ती पुढच्या कातळावर. एका बाजूला दरी, पायाखाली शेवाळ, धरायला जेमतेम चार बोटं मावतील एवढी खाच आणि तीही पाण्याने भरलेली. बोटं घातली की गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत उतरायचं. चौघांना तेवढा तुकडा पार करायला चाळीस मिनिटं लागली. मागे फिरणं त्याहून वाईट होतं.

कंटूर, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा, बघूनच निघालो होतो. पण बऱ्याच मोफत नकाशांतल्या उंचीच्या रेषा फेब्रुवारी 2000 मधल्या अवकाशयानाच्या रडार मोजणीवरून काढलेल्या असतात. 30 मीटरच्या चौकोनाला उंचीचा एकच आकडा. 10 मीटरचा उभा कातळ त्यात सरळ गडप होतो. म्हणून वाटेत कडा आहे की नाही, हे कंटूरवर विसंबून ठरवू नका.

त्यापेक्षा निघण्याआधी कॉम्प्युटरवर ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच भरलेला मोफत नकाशा उघडा आणि त्या वाटेची माहिती काढा. वाट किती अवघड, किती ठळक, शेवटची नोंद कधीची, हे सगळं भरायची सोय तिथे आहे. अ‍ॅप ते दाखवेलच असं नाही. अवघडपणाचा रकाना रिकामा असेल तर वाट सोपी समजू नका, कोणी भरलेला नाही एवढाच त्याचा अर्थ.

नकाशावरचा अभयारण्याचा हिरवा पट्टाही अंदाजापुरताच. हे अभयारण्य 1985 चं, त्याची हद्द राजपत्रातल्या अधिसूचनेत आहे. तंबू टाकायचा असेल तर वन खात्यालाच विचारा.

वर शेकरू दिसलं. उतरताना गणेश घाट धरला, मळलेली वाट आहे, काही अडचण नाही.

घरी येऊन शिड्या आणि तो कातळ नकाशात भरलाय, फोनने नोंदवलेला आमच्या वाटेचा ट्रॅकही चढवलाय. कातळापाशी कड्यामुळे जीपीएस भरकटलंय, तेवढा तुकडा सोडून बाकीचा ट्रॅक बिनधास्त वापरा.