मागच्या डाव्या अलॉयची गळती सापडली: वजनाच्या क्लिपखालचा पांढरा खार

गाडीच्या मागच्या डाव्या अलॉय (ॲल्युमिनियमच्या) चाकाची हवेची गळती अखेर सापडली. टायर ठणठणीत, व्हॉल्वही ठणठणीत. हवा जात होती आतल्या बाजूच्या बीडमधून, म्हणजे टायरची कड रिमला घट्ट बसते तिथून, आणि नेमकं जिथे बॅलन्सिंगचं (चाक समतोल फिरावं म्हणून लावलेलं) क्लिपवालं वजन रिमच्या काठावर ठोकलं होतं तिथून. नवा व्हॉल्व बसवूनही आठवड्याभरात ३३ वरून २७-२८ पीएसआयवर येणारं हेच ते चाक.

गळती इतकी लपून राहते ती तपासण्याच्या पद्धतीमुळे. चाक गाडीवरच ठेवून साबणाचं पाणी मारलं की बाहेरचा बीड, व्हॉल्व आणि टायरची नक्षी एवढंच भिजतं. टाकीत बुडवलं तर खिळ्याचं पंक्चर लगेच दिसतं, पण एवढ्या बारीक गळतीचा बुडबुडा सुटायलाच वेळ लागतो आणि तोवर चाक फिरवलेलं असतं. म्हणून चाक उतरवून आतली बाजू वर करून आडवं ठेवलं, हवा ३५ केली आणि भांड्यांच्या लिक्विडचं घट्टसर पाणी ब्रशने बीड आणि रिमच्या काठामधल्या खाचेत भरलं. दहा मिनिटं हात लावायचा नाही. वजनाच्या दोन्ही टोकांना खसखशीएवढा फेस उमलला! टायर सोडवण्याआधी रिम आणि टायर दोन्हींवर खडूची खूण करा, नाहीतर जागा हरवते.

बीड सुटल्यावर खाली पांढरी पूड आणि रंगाचे पापुद्रे. लोखंडी क्लिप रिमच्या लॅकरला (वरच्या पारदर्शक थराला) ओरखडा पाडते, त्यात खारी ओल बसते आणि दोन धातूंच्या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. ही पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. त्यामुळे ती लॅकर उचलत काठावरून बीड बसण्याच्या पट्ट्यापर्यंत सरकते आणि रबराला धातूपासून दूर ढकलते. भाट्ये किंवा हर्णैच्या पुळणीवर गाडी नेणाऱ्यांना हे लवकर भोगावं लागतं, पण किनाऱ्यालगत नुसत्या उभ्या गाडीलाही खारी हवा सोडत नाही. त्यात रिमच्या आत जांभ्याचा लाल चिखल थापला की ओल वाळतच नाही.

साफसफाईत घाई नको. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश बीडच्या पट्ट्याला अजिबात लावू नका. तो खड्ड्यांबरोबर चांगला धातूही खातो आणि पट्ट्याची गोलाई बिघडते. आधी नायलॉनचा ब्रश, मग २४० आणि शेवटी ४०० नंबरचा पॉलिश पेपर, तोही परिघाच्या दिशेनेच. आडवा ओरखडा म्हणजे हवेला आतून बाहेर जायची वाट. मग गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून थिनरचा फडका. उघड्या ॲल्युमिनियमवर एच प्रायमरचा (धातूला घट्ट धरणाऱ्या अस्तराचा) पातळ हात आणि वर तितकंच पातळ लॅकर. जाड थर दिला तर तोच पुढे पापुद्रा होऊन सुटतो. टायरच्या बीडला चिकटलेली पूडही पुसून घ्या. चढवताना टायरचीच पेस्ट वापरा. ग्रीस किंवा डिझेल लावलं की रबर फुगतं.

बीड सीलरबद्दल (बीडच्या फटी बुजवणाऱ्या घट्ट द्रवाबद्दल) मत स्पष्ट आहे: साफ केलेल्या पट्ट्यावर उरलेले बारीक खड्डे भरायला तो चांगला. खार तसाच ठेवून वरून फासायचा, ही बऱ्याच दुकानांतली रीत निरुपयोगी, कारण खाली झीज चालूच राहते.

आता ३३ भरलेली हवा ३३ च आहे. तपासणी सकाळी, गार टायरवर. तापमान साधारण ६ अंशांनी बदललं तरी एक पीएसआय इकडेतिकडे होतो.

आधी बेत एकाच रिमचा होता. पण खरा दोष क्लिपचा, मग उरलेल्या तिन्ही चाकांवरची क्लिपवाली वजनंही काढायला हवीत. बॅलन्सिंग नव्याने, रिमच्या आतल्या भागात चिकटपट्टीवाली वजनं लावून. तिथला भाग थिनरने पुसून कोरडा केला नाही तर वजन पहिल्याच पावसात गळून पडतं आणि ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. चाकं उतरलेलीच असतील तर आंबा घाटाच्या वळणांवर नि महामार्गाच्या खड्ड्यांत आतला काठ वाकलाय का, तेही बॅलन्सरवर फिरवून कळेल. किंचित वाक सरळ होतो. तडा असेल तर वेल्डिंग नाही, रिम बदला.

चाक बसवताना हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा) गंज तारेच्या ब्रशने काढा. चाक रुतू नये म्हणून ॲन्टी-सीझचा (गंजून चिकटू न देणाऱ्या वंगणाचा) पुसट हात फक्त हबच्या मधल्या गोल काठाला. स्टडना (नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांना) नाही, तिथे वंगण लागलं की त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) स्टड जास्त ताणला जातो. नटांच्या बैठकीवर आणि हबला टेकणाऱ्या भागावर रंगही नको. तो दबतो आणि नट सैल होतात. नट आधी हाताने, मग तिरपे समोरासमोर, शेवटी टॉर्क पान्याने. लहान गाड्यांच्या एम १२ नटांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतला. इम्पॅक्ट गनने आवळलेल्या नटावर भरवसा ठेवू नका. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा.

पुढचा नंबर पुढच्या डाव्या चाकाचा, कारण तिथेही क्लिपभोवती लॅकर फुगलंय. त्याच फेरीत स्टेपनीच्या लोखंडी डिस्कला आतून झिंक प्रायमर देऊन टाकायचा.