पाचांतली चार

आपल्या शाळेच्या मैदानावर १९८४ ते १९८८ या वर्षांत ज्या मुली पळाल्या, त्यांतल्या एकीनेही पी. टी. उषाला प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. तरी ती रोज सकाळी आमच्यात असायची. सर फक्कीने लेन आखत असायचे आणि आखता आखता तिच्याबद्दल बोलत राहायचे. खेळाचे सर म्हटले की त्या काळातल्या कुणालाही नाव सांगावे लागणार नाही. अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसल्यावर मला सर आणि उषा वेगवेगळे आठवतच नाहीत.

उषाचा जन्म २७ जून १९६४ चा, केरळातल्या कोळिकोड जिल्ह्यातला. पय्योळी हे तिचे गाव, समुद्राकाठचे. १९७६ मध्ये केरळ सरकारने कण्णूरला मुलींसाठी निवासी क्रीडा विभाग सुरू केला, आणि त्याच्या पहिल्या तुकडीत ही मुलगी होती. तिथे तिला ओ. एम. नंबियार भेटले. हवाई दलात नोकरी करून आलेले, शिस्तीचे प्रशिक्षक. सरांना या गोष्टीचे फार अप्रूप होते. “तिच्या पायात वारं होतं हे खरंच,” ते म्हणायचे, “पण सरकारनं वसतिगृह काढलं नसतं आणि नंबियार तिथं नसते, तर ते वारं पय्योळीतच राहिलं असतं.” सोळाव्या वर्षी ती मॉस्को ऑलिंपिकला गेली आणि शंभर मीटरच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शंभर आणि दोनशे मीटरमध्ये रौप्य मिळवले. पुढच्याच वर्षी कुवेतला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चारशे मीटरचे सुवर्ण.

लॉस एंजेलिस ऑलिंपिकची चारशे मीटर अडथळा शर्यत झाली ८ ऑगस्ट १९८४ ला. मी तेव्हा सातवीत होते. निकाल वर्तमानपत्रात आला त्या दिवशी सरांनी आमचा खेळाचा तास वर्गातच घेतला. त्यांनी फळ्यावर चार आकडे लिहिले: ५४.६१, ५५.२०, ५५.४१, ५५.४२. मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल, अमेरिकेची जुडी ब्राऊन, रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू आणि चौथी आपली उषा. आम्ही हळहळलो, एक-दोघी तर रडल्या. सरांनी मात्र गणित घातले. ४०० मीटर ५५.४२ सेकंदांत, तर एका सेकंदाच्या शंभराव्या भागात किती अंतर? उत्तर आले सुमारे सात सेंटीमीटर. मग कंपासपेटीतल्या पट्टीवर तेवढे अंतर सगळ्यांनी बोटाने धरून बघायचे. आम्ही धरले. नंतर सरांनी अडथळ्यांची मांडणी समजावली: सुरुवातीपासून ४५ मीटरवर पहिला हर्डल, मग दर ३५ मीटरला एक, असे दहा, आणि शेवटच्या हर्डलनंतर ४० मीटर मोकळे. उंची ७६.२ सेंटीमीटर. दोन हर्डल्समध्ये पावले किती पडतात यावर सगळी शर्यत उभी असते. एक पाऊल आखूड पडले की नको त्या पायावर उडी येते आणि वेग तुटतो. महिलांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती आणि उषाही त्या प्रकारात नवखीच होती. त्यात अंतिम फेरीत कुणाची तरी सुरुवात चुकली, सगळ्यांना परत बोलावले आणि पुन्हा ‘सेट’पासून सुरू करावे लागले. एवढे सगळे ऐकल्यावर ५५.४२ हा आकडा आम्हाला वेगळाच दिसायला लागला.

आजही तिचे नाव निघाले की लोक ‘एक शतांश सेकंदाने हुकलेले पदक’ एवढेच बोलतात. मला हे अजिबात पटत नाही. ती त्यानंतर काय पळाली ते बघा. १९८५ ला जाकार्तात आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्ण आणि एक कांस्य. शंभर, दोनशे, चारशे, चारशे अडथळा आणि चारशेची रिले. एकाच स्पर्धेत हीट आणि फायनल धरून इतक्या वेळा पायांना उभे करायचे म्हणजे काय, हे एका दिवसात दोनशे आणि चारशे दोन्ही पळलेल्यालाच कळेल. त्याच वर्षी तिला पद्मश्री आणि नंबियार यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

आणि १९८६ चे सोल, तिथली आशियाई स्पर्धा. त्याशिवाय माझी स्वतःची गोष्ट पुढे गेलीच नसती.

तेव्हा मी नववीत होते. घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. आबा लहानपणापासून तालमीतले, खासबागेतले कुस्त्यांचे मोठे मैदान त्यांनी कधी चुकवले नाही. मुलांनी अंगाला माती लावावी, मुलींनी घरचे बघावे, असा सरळ हिशेब. दसऱ्याच्या आसपास त्यांनी माझे मैदान बंद केले. मी दोन दिवस दिसले नाही म्हणून संध्याकाळी सर सायकलवरून घरी आले. आईने चहा ठेवला. आबा म्हणाले,

“पोरगी आता मोठी झाली, सर. हाफ पँटीत मैदानावर पळायचं म्हंजे लोक बोलत्यात.”

सरांनी त्यावर काही वाद घातला नाही. त्यांनी विचारले, “आबा, सोलला आपल्याला सुवर्णपदकं किती मिळाली, वाचलं का?”

“पाच. कर्तारसिंगनं कुस्तीत मारलं की एक.”

“आणि बाकीची चार?”

आबा गप्प.

“चारी उषाच्या पायातली. दोनशे, चारशे आणि चारशे अडथळा एकटीनं, चौथं रिलेत बाकी तिघींबरोबर. शिवाय शंभर मीटरला रौप्य, तिथं फिलिपिन्सची लिडिया द वेगा पुढं गेली. अख्ख्या देशाचं सोनं पाच, त्यातलं चार या मुलीच्या पायानं आलं.”

आबा बराच वेळ कपबशीकडे बघत बसले. कर्तारसिंग त्यांचा आवडता पैलवान, १९७८ लाही त्याने आशियाई सुवर्ण घेतले होते. त्याच्या जोडीला एका मुलीचे नाव, आणि तेही चार वेळा! “एकट्या पोरीनं?” त्यांनी परत विचारले. मग आईकडे वळून म्हणाले, “हिला सकाळी दूध देत जा. आन सर, तुम्ही हाय तर पळू दे.”

आमच्या माजघरात त्या संध्याकाळी माझी पुढची सगळी वर्षे ठरली. मी जिल्हा, विभाग असे करत शिवाजी विद्यापीठाच्या रिले संघापर्यंत पोहोचले. माझ्या मागच्या तीन वर्गांतल्या मुलींच्या घरीही सर याच पाच पदकांचा हिशेब घेऊन गेले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकला उषाची टाच दुखावलेली होती आणि ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली. लग्न झाले, मुलगा झाला, आणि लोकांनी तिला निवृत्त धरले. १९९८ मध्ये फुकुओकाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिने दोनशे आणि चारशेचे कांस्य घेतले आणि शंभरच्या रिलेत भारताला सुवर्ण मिळाले. तेव्हा मी दोन मुलांची आई होते. त्या बातमीने मला किती बळ दिले ते शब्दांत सांगता येत नाही. २००२ मध्ये तिने केरळात स्वतःची अ‍ॅथलेटिक्स शाळा काढली. तिथे लहान वयात निवडलेल्या मुली राहून शिकतात आणि पळतात. टिंटू लुका तिथलीच, आठशे मीटरची आशियाई विजेती. २०२२ मध्ये उषा राज्यसभेवर गेली आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेची अध्यक्ष झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला तिची शाळा जास्त मोठी वाटते. कण्णूरने जे तिला दिले ते तिने पुढच्या मुलींना दिले.

फळ्यावरचा तो ५५.४२ हा राष्ट्रीय विक्रम एकोणचाळीस वर्षे कुणाला गाठता आला नाही. २०२३ मध्ये हांगझोउ आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या विद्या रामराजने बरोबर तेवढीच वेळ नोंदवली. त्या दिवशी आमच्या बॅचच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत निरोप येत होते, आणि बहुतेकींनी सरांचेच नाव काढले.

आमच्या काळात सर बांबूचे हर्डल्स बांधायचे, पाय अडकला की ते मोडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधले जायचे. म्हणून १९८८ च्या बॅचच्या आम्ही मुली या अमृतमहोत्सवी वर्षात शाळेला उंची कमी-जास्त करता येणारे पाच हर्डल्स देत आहोत. आपल्या मैदानाची फेरी २०० मीटरची, तिच्यात नियमाच्या अंतराने पाचच बसतात. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, की सकाळी सहा ते आठ मैदान मुलींच्या सरावासाठी मोकळे ठेवावे, आणि एखाद्या घरातून मुलगी यायची थांबली, तर शाळेतल्या कुणीतरी तिच्या घरी चहाला जावे.