बार्शी रस्त्यावर दोनदा

नान्नज मागे पडलं आणि पाचेक मिनिटांत गाडी मंदावायला लागली. आधी पिकअप गेला. ॲक्सिलरेटर दाबला की थोडी सावरायची, पुन्हा झटके खायची. शेवटचे शंभरेक मीटर ती उचक्या देतच चालली आणि ज्वारीच्या एका शेताकडेला थांबली.

"अगं, डिझेल भरलंस ना?" आईने विचारलं.

भरलं होतं, सकाळी सोलापुरातून निघतानाच. संक्रांत आठवड्यावर आलेली. संध्याकाळी आमच्या गल्लीतून नंदीध्वजांचा सराव जायला लागला की आईला गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे वेध लागतात. मग ती यात्रा संपेपर्यंत शहर सोडत नाही. म्हणून त्याआधीच बार्शीला मावशीकडे एक चक्कर टाकायची ठरली. गाडी बाबांची, २००१ सालची, एमएच १३ नंबरची डिझेल. बाबांनी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर चालवणं सोडलं, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. पंधरा वर्षं झाल्यावर फेरनोंदणी केली, दर पाच वर्षांनी पुन्हा करते. ती विकायचा विषय मी घरात निघू देत नाही.

सात रस्त्याजवळ आमचे एक मिस्त्री आहेत. गाडी त्यांच्याकडे नेली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, कुठं बंद पडली ते राहू द्या. कशी बंद पडली ते सांगा की." त्या 'कशी'त अर्धं निदान असतं, हे मला त्यांच्या शेजारी उभी राहून कळलं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या इंजिनात हवा नऊ-दहा पट दाबली जाते, या जुन्या डिझेल इंजिनात जवळपास २२ पट. तेवढ्या दाबाने ती इतकी तापते की वरून डिझेलचा फवारा पडताच पेट घेते. म्हणजे एकदा चालू झालेल्या इंजिनाला हवा आणि डिझेल मिळत राहिलं की पुरतं. विजेवर त्याचं एकच काम अडतं: पंपावरचा कट-ऑफ सोलेनॉइड. किल्ली फिरवली की तो डिझेलची वाट उघडतो, वीज गेली की बंद करतो. तिथली वायर निसटली तर दिवा घालवावा तशी गाडी एका क्षणात बंद होते. झटके खात, रडतखडत बंद झाली, तर डिझेल नीट पोचत नाही.

आमची रडतखडत गेली होती. बॅटरीकडे बघायचंसुद्धा कारण नव्हतं.

आधी टाकीचं झाकण उघडलं. झाकणातलं हवेचं भोक बुजलं तर टाकीत पोकळी होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. तसं असेल तर झाकण फिरवताच सूऽऽ असा आवाज येतो. आवाज आला नाही. मग बॉनेट उघडलं. सगळीकडे कोरडं, डिझेलचा एक थेंब नाही. नवखा माणूस इथे फसतो, मीही एकदा फसले आहे. गळत नाही म्हणजे पाइप चांगला, असं वाटतं. पण टाकीपासून पंपापर्यंतची सगळी वाट ओढीची. पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे तिथे चीर पडली की डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते. फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबून पाहिला. पाच-दहा वेळा दाबल्यावर तो घट्ट व्हायला हवा. तो मऊच राहिला.

एअर घेतली होती.

फिल्टरला येणारा होज पाइप बोटांनी वाकवत गेले. क्लिपच्या अगदी कडेला, खालच्या अंगाला, नखाएवढी चीर सापडली. वरून दिसणं शक्यच नव्हतं. पाइप थोडा सैल होता, म्हणून टोकाचा इंचभर भाग कापून टाकला आणि क्लिप पुन्हा आवळली. या कामाला सुरी आणि स्क्रू ड्रायव्हर पुरला.

खरं काम पुढे होतं, आत गेलेली हवा काढायचं. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल केला आणि हातपंप मारत राहिले. आधी नुसता फेस, मग फेस आणि डिझेल, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. तरी पंपाच्या पुढे, इंजिनात डिझेलचा फवारा सोडणाऱ्या नोझलपर्यंत हवा असतेच. तिथे दुसरा माणूस लागतो. आई ६८ वर्षांची, आयुष्यात कधी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली नाही. हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला आहे हे दोनदा तपासलं आणि तिच्या हातात किल्ली दिली. मी १७ नंबरच्या पान्याने नोझलची नटं एकेक फेरा सैल केली, वर फडकं टाकलं आणि हात लांब घेतला. नोझलकडे येणारं डिझेल शंभर बारच्या वरच्या दाबाने येतं, बोट मध्ये आलं तर कातडी फोडून आत शिरतं. तिथे चाचपून बघायचं नाही.

"मार सेल्फ!"

आईने मारला. "बस!" म्हटलं की सोडायची. दहा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विसावा, नाहीतर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जातात. बाइकवरची दोन मुलं थांबली, "ताई, धक्का मारू का?" म्हणाली. डिझेलच पोचत नसताना धक्क्याचा उपयोग नव्हता, पण थांबली हे बरं वाटलं. शेतातून एक आजोबा आले, त्यांनी आईच्या ओंजळीत हुरडा दिला आणि बांधावर बसून राहिले. चौथ्या वेळी फडकं चारही ठिकाणी ओलं झालं. नटं आवळली. पुढच्या सेल्फला इंजिनाने दोन ठोके चुकवले, पांढऱ्या धुराचा एक लोट टाकला आणि चालू झालं. आई किल्ली सोडायलाच विसरली, मला ओरडावं लागलं. उतरली तेव्हा तिचा चेहरा असा होता की बाबांनी तिथे असायला हवं होतं.

बार्शीत जेवण झालं, भगवंताचं दर्शन झालं, मावशीने भरून दिलेल्या डब्यांनी मागची सीट भरली. आम्ही नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिने लगेच वर ठेवली, पाहुण्यांना द्यायची नाही म्हणून.

परतताना वैरागच्या अलीकडे, एका स्पीडब्रेकरवर गाडी पुन्हा बंद पडली.

आई काही बोलली नाही. या वेळी झटका नाही, उचकी नाही. इंजिन होतं आणि मग नव्हतं. मी जागेवरूनच किल्ली चालू-बंद केली आणि कान दिला. किल्ली चालू करताना पंपाकडून बारीक 'टक' येतो, तो सोलेनॉइडचा. आला नाही. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, वायरचं टोक पंपाशेजारी लोंबत होतं. सकाळी नटं फिरवताना माझाच हात तिथे लागला असणार. टोक पकडीने थोडं दाबून घट्ट केलं, बसवलं. टक. दोन मिनिटांत निघालो. अंधारात सकाळसारखं पाइप चाचपत बसले असते तर तास गेला असता.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे नेली. मी सगळं सांगितलं, पहिलं कशी आणि दुसरं कशी. त्यांनी मान हलवली, फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक पाइप बसवला आणि इंजिन चालू केलं. पिवळसर डिझेलमधून अधूनमधून मोहरीएवढा बुडबुडा जात होता.

"अजून एअर घेऊलालीय बघा."

चीर कापली तरी फिल्टरच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर दबून चपटे झाले होते. ते नवे टाकले, होज पाइप पूर्ण बदलला. पारदर्शक पाइप मात्र काढला नाही. तो इंजिनाच्या उष्णतेने कडक होतो, कायम ठेवायचा नसतो, पण एक लांब फेरी होऊ दे म्हणाले.

गुरुवारी आईला अक्कलकोटला नेलं, चाळीसेक किलोमीटर. पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि त्या पाइपकडे बघत राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं. एकही बुडबुडा नाही. आई शेजारी येऊन वाकून बघायला लागली.

"स्वच्छ आहे ना?"

"आहे."

"मग चल, आरती सुरू होईल."